दुभत्या गाईची लाथ आणि घरचा कर्ता

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एका टोपीवरून मोठी मौजेची चर्चा झाली. आमच्या नातवानें बाजारांतून एक निळी टोपी आणिली होती. तिच्या दर्शनी भागावर 'एन' आणि 'वाय' हीं दोन इंग्रजी अक्षरें एकमेकांत गुंफलेलीं होतीं. "बाळ, हीं अक्षरें कशाचीं?" असें आम्हीं विचारतां, "ठाऊक नाहीं, आजोबा, सगळे घालतात," असें त्यानें सरळ उत्तर दिलें. डोक्यावर मिरवावयाचें आणि तें काय हें ठाऊक नसावयाचें, ही गोष्ट मास्तरकींत जन्म घालविलेल्या आमच्या मनास रुचेना. सुदैवानें आमचा पुतण्या त्या वेळीं न्यू जर्सीहून सुटीवर आला होता. तो हंसून म्हणाला, "काका, ती न्यूयॉर्कच्या यँकीज या बेसबॉल-संघाची खूण. तिकडे कोणी त्याला डोक्यावर घेतात, कोणी त्याच्या नांवानें बोटें मोडतात. पण त्याला ओळखत नाहीं असा मनुष्य मिळावयाचा नाहीं." पुढें त्यानें त्या संघाची जी हकीकत सांगितली ती ऐकून आमचें कुतूहल जागें झालें. पुस्तकें मागविलीं, वाचलीं, आणि वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, ही केवळ खेळाची गोष्ट नव्हे. ज्या ज्या घरांत मिळवता एक आणि कर्ता दुसरा, त्या प्रत्येक घराची ही गोष्ट आहे. म्हणून ती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ समजावा. प्रत्येक पक्षास नऊ गडी आणि नऊ डाव. मैदानाच्या एका अंगास शंकरपाळ्याच्या आकाराचा चौक आंखलेला असतो, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. चेंडू फेंकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजानें गोल दांड्यानें चेंडू टोलवावयाचा, आणि एकेक ठाणें घेत पुन्हां मूळच्या ठाण्यावर सुखरूप परत यावयाचें, म्हणजे एक धांव झाली. परंतु चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला, तर फलंदाज चारही ठाणीं निर्धास्त फिरून येतो, आणि वाटेंत थांबलेल्या सोबत्यांनाही घरीं आणतो. यासच 'होम रन' म्हणतात. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळीं अमेरिकेंत धंदेवाईक संघांच्या दोन मोठ्या लीग होत्या. प्रत्येकींत आठ संघ असत, आणि एका हंगामांत प्रत्येक संघास १५४ सामने खेळावे लागत. आपापल्या लीगमध्यें पहिले आलेले दोन संघ ऑक्टोबरांत एकमेकांशीं झुंजत. त्या झुंजीस 'वर्ल्ड सीरीज' हें भारदस्त नांव आहे.

यँकीज संघाचें कुळ मोठें नव्हतें. १९०३ सालीं बाल्टिमोरच्या एका संघाचा हक्क अवघ्या १८,००० डॉलरांस विकत घेऊन तो न्यूयॉर्कांत आणण्यांत आला. घेणारे दोघे होते. त्यांतील एक जुगाराच्या अड्ड्यांचा धनी आणि दुसरा पोलीसखात्याचा माजी मुख्य! दहा वर्षें या संघानें स्वतःच्या लांकडी मैदानावर कसेंबसें दिवस काढिले. १९१३ पासून तो 'जायंट्स' या नामांकित संघाच्या पोलो ग्राउंड्स नांवाच्या मैदानांत भाडेकरू म्हणून राहूं लागला. जायंट्सचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ याचा त्या वेळीं शहरांत मोठा दबदबा होता. थोडक्यांत, श्रीमंताच्या वाड्यांतील मागच्या खोलींत बिऱ्हाड करून राहावें, अशी यँकीजची स्थिति होती. १९१९ अखेर त्यांना एकदांही आपल्या लीगचें अजिंक्यपद मिळालें नव्हतें.

१९१५ च्या जानेवारींत संघास दोन नवे मालक मिळाले. जेकब रुपर्ट हा वडिलोपार्जित बीअरच्या कारखान्याचा धनी. कायदेमंडळांत चार वेळां निवडून आलेला, अविवाहित आणि टापटिपीचा भोक्ता. दुसरा टिलिंगहास्ट ह्यूस्टन हा इंजिनियर. क्यूबांत पैसा मिळविलेला, मोकळ्या स्वभावाचा. ह्यूस्टन महायुद्धानिमित्त फ्रान्सांत असतां रुपर्टनें मिलर हगिन्स यास १९१८ च्या हंगामासाठीं संघाचा व्यवस्थापक नेमिलें. हा गृहस्थ साडेपांच फुटांच्या आसपास उंचीचा, अशक्त प्रकृतीचा, कायद्याची पदवी घेतलेला आणि मितभाषी. ह्यूस्टनच्या मनांतला मनुष्य निराळाच असल्यामुळें त्यास ही नेमणूक कधींच गोड वाटली नाहीं. घरांत दोन वडील आणि दोघांचीं दोन मतें; अशा घरीं कारभाऱ्याचे हाल काय होतात हें वाचकांस सांगावयास नको.

आतां मिळवत्या मुलाची ओळख करून घेऊं. जॉर्ज हर्मन रूथ, ज्यास जगानें 'बेब' म्हणजे 'बाळ' म्हणून ओळखिलें, तो १८९५ सालीं बाल्टिमोर येथें जन्मला. बापाचें दारूचें दुकान होतें, आणि मुलगा रस्त्यावर वाढत होता. सातव्या वर्षीं त्यास सेंट मेरीज नांवाच्या, ख्रिस्ती बंधूंनीं चालविलेल्या सुधारशाळेंत घालण्यांत आलें. तेथें तो सदरे शिवावयास शिकला, आणि ब्रदर मथायस नांवाच्या धिप्पाड शिक्षकाच्या नजरेखालीं बेसबॉलही शिकला. एकोणिसाव्या वर्षीं तेथून बाहेर पडला, तो बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' संघांत जाऊन पोंचला. प्रारंभीं तो डावखुरा पिचर म्हणून गाजला. पुढें त्याच्या दांड्याचा प्रताप पाहून त्यास फलंदाजीसाठींच अधिक खेळवूं लागले. १९१९ मध्यें त्यानें २९ होम रन काढिले. एका हंगामांत इतके तोंपर्यंत कोणींच काढिले नव्हते.

परंतु ज्या वेगानें कीर्ति वाढली त्याच वेगानें उच्छृंखलपणाही वाढला. रात्रीं-बेरात्रीं भटकणें, बेसुमार खाणेंपिणें, वरिष्ठांशीं हुज्जत, पगारासाठीं अडवणूक, असें सर्व कांहीं होतें. बॉस्टनचा मालक हॅरी फ्रेझी हा नाटकांचा धंदा करणारा असून त्याच्या डोक्यावर कर्जही होतें. त्यानें विचार केला कीं, असला मुलगा घरांत ठेवण्यापेक्षां काढून टाकलेला बरा. १९१९ च्या डिसेंबरांत त्यानें रूथला १ लाख डॉलरांस यँकीजला विकून टाकिलें, आणि शिवाय आपलें मैदान तारण ठेवून रुपर्टकडून ३ लाख डॉलरांचें कर्ज घेण्याचा करार केला. ही बातमी १९२० च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत अमेरिकेंत मद्यबंदी अमलांत येऊन रुपर्टच्या पिढीजात धंद्यावर कुऱ्हाड कोसळली. एक दार बंद होत असतां दुसरें उघडलें तें असें.

बॉस्टनची पुढची हकीकत एका वाक्यांत सांगतां येते. त्या संघानें १९१८ पर्यंत पांच वेळां वर्ल्ड सीरीज जिंकिली होती. त्यानंतरची सहावी जिंकावयास त्यास २००४ साल उजाडावें लागलें. लोक यास शाप म्हणत. आम्ही शाप वगैरे मानीत नाहीं. फ्रेझीनें रूथपाठोपाठ आपले अनेक चांगले खेळाडू न्यूयॉर्कास जाऊं दिले. इतकेंच नव्हे, तर बॉस्टनचा व्यवस्थापक एड बॅरो हाही १९२० अखेर यँकीजचा कारभार पाहूं लागला. बॅरोस आपल्या जुन्या संघांतील प्रत्येक गड्याची पारख होती. घरचीं भांडीं एकेक करून विकणाऱ्याच्या स्वयंपाकघरांत पुढें काय शिजणार? तेथें शापाची गरजच काय?

न्यूयॉर्कांत मात्र दिवस पालटले. १९२० सालीं रूथनें ५४ होम रन काढिले. त्याच्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याही एका सबंध संघाला मिळूनही त्या वर्षीं इतके काढितां आले नाहींत. १९१९ मध्यें यँकीजचे सामने पाहावयास सुमारे ६ लाख १९ हजार लोक आले होते. १९२० मध्यें तो आंकडा १२ लाख ८९ हजारांवर गेला. एका हंगामांत दहा लाखांवर प्रेक्षक मिळविणारा हा पहिलाच संघ. यास काळही अनुकूल होता. चेंडूस थुंकी लावून तो वेडावांकडा फेंकण्याची जुनी रीति त्याच वर्षीं बंद करण्यांत आली. ऑगस्टांत यँकीजच्याच कार्ल मेझ या पिचरचा चेंडू डोक्यास लागून क्लीव्हलँडचा रे चॅपमन हा खेळाडू मरण पावला. तेव्हांपासून मळलेला, नीट न दिसणारा चेंडू वरचेवर बदलण्याची दक्षता घेण्यांत येऊं लागली, आणि फलंदाजास चेंडू स्वच्छ दिसूं लागला. १९१९ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें शिकागोच्या खेळाडूंनीं जुगाऱ्यांकडून पैसे खाल्ल्याचें प्रकरणही १९२० च्या सप्टेंबरांत बाहेर आलें. त्यांतील आठ जणांस पुढें लँडिस नांवाच्या न्यायाधीशानें खेळांतून कायमचें काढून टाकिलें. लोकांचा विश्वास डळमळला असतां, ज्याच्यांत कांहीं कपट असूं शकत नाहीं असा आकाशांत गेलेला चेंडू रूथनें त्यांना दाखविला. मन विटलेल्या माणसास याहून निराळें औषध कोणतें असणार?

१९२१ मध्यें रूथचे होम रन ५९ झाले, आणि यँकीजनीं लीगचें अजिंक्यपद प्रथमच मिळविलें. परंतु वर्ल्ड सीरीजमध्यें गांठ पडली ती घरमालकाशींच! १९२१ आणि १९२२ अशा लागोपाठ दोन वर्षीं जायंट्सनीं आपल्या भाडेकरूस चारी मुंड्या चीत केलें. मैदानावर हरविलें तरी गर्दीच्या बाबतींत भाडेकरू वरचढ ठरला होता, आणि तें मॅग्रॉच्या डोळ्यांत सलत होतें. बिऱ्हाड हलविण्याची सूचना आधींच मिळाली होती. रुपर्ट व ह्यूस्टन यांनीं हार्लेम नदीच्या पलीकडे, जुन्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर, ब्राँक्स भागांत सुमारे १० एकर जागा विकत घेतली. तेथें सुमारे २५ लाख डॉलर खर्चून २८४ दिवसांत तिमजली प्रेक्षागार उभें केलें. १८ एप्रिल १९२३ रोजीं यँकी स्टेडियमचें उद्घाटन झालें, तेव्हां साठ हजारांवर माणसें आंत होतीं, आणि हजारों लोक जागा न मिळून परत गेले. त्याच दिवशीं रूथनें होम रन मारून बॉस्टनवर विजय मिळवून दिला. ज्यांनीं त्यास घराबाहेर काढिलें, त्यांच्याच विरुद्ध त्यानें नव्या घराची वास्तुशांत केली असें म्हणावयास हरकत नाहीं. वृत्तपत्रांनीं त्या इमारतीस 'रूथनें बांधलेलें घर' असें नांव दिलें, आणि तें कायमचें चिकटलें. त्याच वर्षीं जायंट्सला नमवून यँकीजनीं आपली पहिली वर्ल्ड सीरीज जिंकिली.

गोष्ट येथेंच संपली असती तर ती लिहिण्याचें आम्हांस कारण नव्हतें. पैसा आला, वाडा झाला, कीर्ति झाली. पण घरांत काय चाललें होतें? दुभत्या गाईच्या लाथाही गोड, अशी आपल्याकडे म्हण आहे. रूथच्या लाथा गोड करून घेण्याचा प्रघात न्यूयॉर्कांतही पडला होता. १९२२ च्या आरंभीं लँडिसचा हुकूम मोडून परगांवीं खेळल्याबद्दल त्यास सुमारे सहा आठवडे खेळावयास बंदी झाली. परत येतांच त्यास संघाचा कर्णधार करण्यांत आलें! तें पद आठवडाभरही टिकलें नाहीं. पंचाच्या अंगावर धूळ फेंकून तो एका टवाळ प्रेक्षकाच्या मागें प्रेक्षकांत शिरला, म्हणून लीगच्या अध्यक्षानें तें काढून घेतलें. हगिन्सच्या ठेंगणेपणाची तो सर्वांसमक्ष थट्टा करी, रात्रीं ठरलेल्या वेळीं मुक्कामीं परत येत नसे, आणि सांगितलेलें ऐकत नसे. हगिन्सनें बोलावें तर ह्यूस्टनचा त्यास पाठिंबा नाहीं. १९२३ च्या मे महिन्यांत रुपर्टनें ह्यूस्टनचा हिस्सा विकत घेतला, आणि आतां मालक एकच असून हगिन्स हाच आपला व्यवस्थापक आहे असें संघास कळविलें. तरीही ज्याच्या नांवावर तिकिटें खपतात त्यास शब्दानें दुखवावें कोणीं?

याचें फळ १९२५ मध्यें पदरांत पडलें. एप्रिलांत दौऱ्यावर असतां रूथ आजारी होऊन कोसळला. पोटावर शस्त्रक्रिया झाली, आणि जूनच्या पहिल्या तारखेपर्यंत तो खेळूं शकला नाहीं. बरा होऊन आला तों पुन्हां तेच रंग. आठ संघांत यँकीज सातव्या क्रमांकास जाऊन पोंचले. कारण केवळ रूथचा आजार नव्हे. इतर खेळाडूही आतां वेळ पाळीनासे झाले होते. ज्या घरांत मोठ्यास नियम नाहीं, तेथें धाकट्यानें तो कां पाळावा?

२९ ऑगस्ट १९२५ या दिवशीं सेंट लुईस येथें ती वेळ आली. रूथ नेहमींप्रमाणें उशिरां आला. त्या किडकिडीत मनुष्यानें त्यास सांगितलें कीं, आज पोशाख चढविण्याचें कारण नाहीं; तुला ५,००० डॉलर दंड केला आहे आणि संघांतून तहकूब केलें आहे. त्या काळच्या खेळाडूंनीं इतका दंड कधीं ऐकिला नव्हता. रूथ संतापला. हगिन्स राहणार असेल तर आपण यँकीजसाठीं खेळणार नाहीं, असें वृत्तपत्रकारांपाशीं बोलत तो न्यूयॉर्कास मालकाकडे आला. आतां विचार करा: रुपर्टपुढें प्रश्न कोणता होता? एकीकडे ज्याच्यासाठीं लाखों डॉलरांचें प्रेक्षागार उभें केलें तो मनुष्य. दुसरीकडे, उद्यां काढून टाकला तरी शहरांत ज्याच्यासाठीं कोणी अश्रु गाळणार नाहीं असा व्यवस्थापक. हिशेबाच्या वहींत दोघांची तुलनाच नव्हती.

रुपर्टनें हगिन्सची बाजू घेतली. दंड कायम, शिक्षा कायम, आणि परत यावयाचें तर हगिन्सची क्षमा मागून, असें त्यानें बजाविलें. रूथ वरमला. त्यानें क्षमा मागितली, आणि सुमारे नऊ दिवसांनीं त्यास परत घेण्यांत आलें. आमच्या मतें यँकीजचा खरा उदय त्या दिवशीं झाला; स्टेडियमच्या उद्घाटनाच्या दिवशीं नव्हे. फ्रेझीनें मिळवत्यास हांकलून दिलें, आणि घर बुडविलें. पहिलीं पांच वर्षें न्यूयॉर्ककरांनीं मिळवत्याच्या लाथा सोसल्या, आणि तेंही घर खचूं लागलें. तिसरी वाट या दोहोंहून अवघड. मिळवत्यास घरांत ठेवावयाचें, त्याचें कर्तृत्व मानावयाचें, पण कर्त्याचा शब्द त्याच्याहून वर ठेवावयाचा. आणि हें एकट्या कर्त्याच्या हातांत नसतें, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्याच्या पाठीशीं कोणी उभें राहिलें तरच त्याच्या शब्दास वजन येतें.

ज्या १ जून १९२५ रोजीं रूथ आजारांतून मैदानावर परतला, त्याच दिवशीं लू गेहरिग या तरुणाच्या अखंड सामन्यांच्या मालिकेस आरंभ झाला. याचे आईबाप जर्मनींतून आलेले. आई दुसऱ्यांकडे स्वयंपाक करून संसार चालवी. कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां तो यँकीजच्या नजरेस पडला होता. १९३९ पर्यंत त्यानें एकही सामना न चुकवितां २,१३० सामने ओळीनें खेळून दाखविले, आणि तो विक्रम १९९५ पर्यंत अबाधित राहिला. पुढें ज्या असाध्य रोगानें तो १९४१ मध्यें गेला, त्या रोगास अमेरिकेंत आजही त्याचेंच नांव लावितात. एका घरांत एकीकडे वादळ आणि दुसरीकडे समई, असा हा योग होता.

१९२६ साठीं हगिन्सनें संघाची फेररचना केली. गेहरिगला पहिल्या ठाण्यावर कायम केलें, आणि टोनी लझेरी व मार्क कोनिग हे दोन नवे तरुण आंत घेतले. लझेरीस अपस्माराचा विकार असल्यामुळें इतर संघ त्यास घ्यावयास कचरत होते, यँकीजनीं घेतला. रूथही त्या हिंवाळ्यांत तालमीच्या शिक्षकाकडे जाऊन अंग झिजवून आला. सातव्या क्रमांकाचा संघ एका वर्षांत पहिला आला; सेंट लुईसशीं झालेली वर्ल्ड सीरीज मात्र चार विरुद्ध तीन सामन्यांनीं गेली. १९२७ चा हंगाम तर आजही दृष्टान्तादाखल सांगितला जातो. ११० जय, ४४ पराजय. दुसऱ्या क्रमांकाचा संघ १९ सामन्यांनीं मागें. रूथचे होम रन ६०, गेहरिगचे ४७. ऑक्टोबरांत पिट्सबर्गचा सलग चार सामन्यांत पराभव. आणि १९२८ मध्यें सेंट लुईसचीही तीच गत. ज्यास पांच हजारांचा दंड झाला होता त्याच रूथनें हा साठांचा विक्रम केला, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. शिस्तीनें गुण मरतो असें म्हणणारांस याहून चोख उत्तर नाहीं.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. नियम सर्वांस सारखा, हें जें आम्ही कौतुकानें लिहिलें, तें दाराच्या आंत असलेल्यांपुरतेंच खरें होतें. या मोठ्या लीगमध्यें कृष्णवर्णी खेळाडूस पाऊल टाकण्याची बंदी होती. त्यांच्या निराळ्या लीग होत्या, आणि तेथें रूथच्या तोडीचे खेळाडू अल्प मोबदल्यावर खेळत होते. ही भिंत १९४७ मध्यें ब्रुकलिनच्या संघांत जॅकी रॉबिन्सन आल्यावर फुटली. यँकीजनीं तर आपला पहिला कृष्णवर्णी खेळाडू १९५५ मध्यें घेतला. दारांतच अडविलेल्यांस घरांतील न्यायाचा काय उपयोग, हा प्रश्न आपल्या समाजानेंही आपल्या मनास विचारण्यासारखा आहे.

आतां आमची स्वतःची एक गोष्ट. ती सांगण्यास जीभ रेटत नाहीं, पण सांगितल्यावांचून या लेखास अर्थ नाहीं. ज्या काळीं शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी छापून येत असे, त्या काळीं आमच्या वर्गांत एक असामान्य बुद्धीचा विद्यार्थी होता. तो यादींत येणार, शाळेचें नांव होणार, हें सर्वांस ठाऊक, त्यासही ठाऊक. एका तरुण शिक्षकाच्या तासाला त्यानें त्यांचा सर्व मुलांदेखत अपमान केला. त्यांनीं त्यास आठ दिवस वर्गाबाहेर बसविण्याचें ठरविलें. वर्गशिक्षक आम्ही, प्रकरण आमच्याकडे आलें. आम्हीं त्या शिक्षकांस बाजूला घेऊन सांगितलें, "परीक्षा तोंडावर आली आहे, जाऊं द्या." त्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि जाऊं दिलें. मुलगा यादींत आला. त्याचें छायाचित्र भिंतीवर लागलें. त्या शिक्षकांनीं मात्र त्यानंतर त्या वर्गांत कधीं आवाज चढविला नाहीं. आणि ज्या चाळीस मुलांचें नांव कोणत्याही यादींत यावयाचें नव्हतें, तीं त्या दिवशीं काय शिकलीं हें आम्हांस त्यांच्या डोळ्यांत दिसत होतें. कांहीं वर्षांनीं तो विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर असतां आम्हांस भेटावयास आला. नमस्कार करून म्हणाला, "सर, तुम्ही मला कधीं अडवलं नाहीं." तो हें कृतज्ञतेनें म्हणाला कीं आणखी कशानें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. हगिन्स आमच्या शाळेंतही होता. रुपर्ट व्हावयाची पाळी आमची होती. ती आम्हीं चुकविली.

मिलर हगिन्स २५ सप्टेंबर १९२९ रोजीं रक्तदोषाच्या अल्पशा आजारानें, हंगाम संपण्यापूर्वींच वारला. त्याचें पद आपणांस मिळावें अशी रूथची पुढें मोठी इच्छा होती; त्याचा पगार १९३० मध्यें ८०,००० डॉलरांवर गेला, पण तें पद रुपर्टनें त्यास कधीं दिलें नाहीं. १९३५ मध्यें तो संघ सोडून गेला. मिळविण्याचा गुण निराळा आणि सांभाळण्याचा निराळा, हें मालकानें शेवटपर्यंत ओळखिलें होतें.

ज्यास 'रूथनें बांधलेलें घर' म्हणत, त्या यँकी स्टेडियमच्या मैदानांत १९३२ मध्यें पहिलें स्मारक उभें राहिलें. तें रूथचें नव्हे. तें मिलर हगिन्सचें. गेहरिगचें आणि रूथचें त्यानंतर आलें. जुनें प्रेक्षागार २००८ च्या हंगामानंतर बंद होऊन पाडण्यांत आलें, आणि त्याच्या जागीं मुलांना खेळावयास मैदानें केलीं आहेत. पलीकडेच २००९ मध्यें नवें स्टेडियम उघडलें. तेथेंही हगिन्सचें स्मारक जपून ठेविलें आहे. १९२३ पासून २००९ पर्यंत या संघानें २७ वेळां वर्ल्ड सीरीज जिंकिली. बेब रूथ १९३५ मध्येंच गेला होता. घर मात्र उभें राहिलें.

आपल्या एकत्र कुटुंबांतही कोणी एक अधिक मिळवितो; कोणाचा मुलगा परदेशांतून पैसा पाठवितो. त्याचा मान राखावाच. त्याच्या पैशावर घराचें छप्पर उभें असेल, तर तें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. पण जेवावयास सर्वांनीं एका वेळीं बसावें असा घरचा नियम असेल, तर तो त्यालाही असावा. आणि तो नियम सांगणारी व्यक्ति, मग ती आजी असो, थोरली सून असो कीं निवृत्त मास्तर असो, तिचा शब्द खालीं पडूं लागला असतां इतरांनीं ताटाकडे पाहत बसूं नये.

हें सर्व नातवास सांगून झाल्यावर आम्हीं त्यास विचारिलें, "मग आतां सांग, ही टोपी कोणाची?" त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, त्या बुटक्या माणसाची." पुतण्या हंसला, आम्हीही हंसलों. टोपी तो अजून घालतो. मात्र जेवणाच्या वेळीं ती खुंटीवर असते.